आधी वेळापत्रक दाखवा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी सरली की चौकाचौकांत शाळांचे फलक लागायला सुरुवात होते. गळ्यात टाय बांधलेलं एक हसरं मूल, हातात पृथ्वीचा गोल, मागे निळं आभाळ आणि खाली ठळक अक्षरांत ‘सर्वांगीण विकास’. प्रवेश सुरू, जागा मर्यादित. हे फलक वाचून घरोघरी रात्रीच्या जेवणानंतर एकच विषय निघतो, पोराला कुठल्या शाळेत घालायचं? आज मला याविषयीच तुमच्याशी बोलायचं आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण नात्यागोत्यात एकदा ‘हा लिहिणारा-वाचणारा’ अशी ख्याती झाली की शाळाप्रवेशाचे सल्ले आपल्याच गळ्यात पडतात. त्या निमित्तानं गेल्या काही वर्षांत बऱ्याच शाळांच्या पायऱ्या मी चढलो आहे.

खासगी शाळेत मूल घालणाऱ्या आई-बापांची आपण पुष्कळदा टिंगल करतो. ‘इंग्रजीचं वेड’, ‘शेजाऱ्याचं बघून’ असं म्हणतो. तसे लोक असतातही. पण मला भेटलेल्या बहुतेकांची इच्छा साधी आणि चांगली होती. माझं मूल नुसत्या मार्कांपुरतं वाढू नये, त्याला गाता यावं, चित्र काढता यावं, मैदानावर धावता यावं, चार लोकांत उभं राहून दोन वाक्यं बोलता यावीत. ही हौस नव्हे, ही मागणी आहे आणि ती रास्त आहे. घोडं अडतं ते पुढे. पदरमोड करून, पोटाला चिमटा घेऊन जे आपण विकत घेतो, ते खरोखर हेच असतं का?

आता ‘खासगी’ या शब्दाविषयी थोडं. हा शब्द ऐकला की आपल्याला काचेची इमारत आणि पिवळी बस दिसते. पण महाराष्ट्रात शिक्षणाची मोठमोठी कामं खासगी प्रयत्नांतूनच उभी राहिली. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, ती काही सरकारी हुकमानं नव्हे. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम उभी राहिली. पुण्यात १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. या सगळ्या खासगीच संस्था. तेव्हा खासगी म्हणजे महाग किंवा खासगी म्हणजे धंदा, असं समीकरण आपल्या इतिहासात बसत नाही.

आज आपल्या राज्यात खासगी शाळांचे ढोबळमानानं तीन प्रकार दिसतात, आणि ते पालकांनी माहीत करून घेतलेच पाहिजेत. पहिली अनुदानित. संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. गावातलं जुनं हायस्कूल आणि त्याला जोडलेली प्राथमिक शाळा बहुधा याच जातीची असते. दुसरी विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित. तिथले कित्येक शिक्षक वर्षानुवर्षं अनुदानाची वाट पाहत मोर्चे काढतात, ते आपण बातम्यांत वाचतो. तिसरी स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सगळा खर्च फीमधूनच. २०१२ मध्ये महाराष्ट्रात या शाळांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यानंतर त्या झपाट्यानं वाढल्या. आपल्या डोळ्यांसमोरची काचेची इमारत बहुधा या तिसऱ्या प्रकारातली. बोर्ड राज्याचं की केंद्राचं, हा वाद मी इथं घालत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बालपणावर बोर्डापेक्षा बाईंचा परिणाम जास्त होतो.

माझा एक भाचा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात ग्रिल, दरवाजे, गेट बनवतो. वेल्डिंगच्या ठिणग्यांत दिवस काढणारा माणूस. थोरला मुलगा तिसरीत, तालुक्याच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत. धाकटी मुलगी पहिलीत जायची होती. दोघांची फी आणि व्हॅनचं भाडं एकदम झेपेना. घरात ठरत आलं होतं की मुलगी गावातल्या शाळेत जाईल. मी घरी गेलो होतो, तेव्हा भाचा वहीत आकडे मांडत बसला होता. त्याची बायको चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मामू, पोराच्या वेळेला कुणी हिशोब मांडला नाही. पोरीच्या वेळेलाच वही कशी निघाली?”

भाचा गप्प झाला. या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. मंडळी, हे एका घरातलं नाही. मुलगा फीच्या शाळेत आणि मुलगी बिनफीच्या शाळेत, ही विभागणी आपल्याकडे सर्व जातिधर्मांच्या घरांत बिनबोभाट चालते. त्यात बिनफीची शाळा वाईटच असते असंही नाही. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण विसरता कामा नये. पण मुलीला तिथं घालण्याचं कारण शाळा चांगली आहे हे नसतं, ती मुलगी आहे हे असतं.

तर भाचेसुनेच्या त्या प्रश्नानंतर आम्ही तिघं थोरल्याची शाळा पुन्हा एकदा नीट बघायला गेलो. माहितीपुस्तिका गुळगुळीत होती. पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स, अबॅकस, नाट्य, संगीत, घोडेस्वारी. भाचा नुसता बघत राहिला. मी कार्यालयातल्या बाईंना म्हटलं, “तिसरीच्या वर्गाचं या आठवड्याचं वेळापत्रक दाखवता का?” त्यांना हे जरा विचित्र वाटलं, पण त्यांनी दाखवलं. आठवड्याच्या ४८ तासिका. इंग्रजी, गणित, परिसर, हिंदी, मराठी, संगणक, सामान्य ज्ञान. चित्रकलेची एक तासिका. खेळाची एक, तीही शनिवारी शेवटची. संगीत आणि कार्यानुभव मिळून एक, आलटूनपालटून. ग्रंथालयाची एकही नाही. तलाव होता, त्यासाठी वेगळी फी. आणि घोडा? बाहेर पडताना शिपायानं सांगितलं, घोडा वर्षातून दोनदा येतो, स्नेहसंमेलनाला आणि प्रवेशाच्या दिवसांत.

हसण्यावारी नेऊ नका. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. भागाकार केला तर दिवसाला चार तास. आपल्या खासगी शाळा मुलाला सहा-सात तास ठेवून घेतात. म्हणजे कायद्याच्या किमान हिशोबापेक्षा रोजचे दोन-तीन तास त्यांच्या हातात जास्त असतात. ‘सर्वांगीण’ जे काही व्हायचं ते या तासांत व्हायला हवं. त्यात पुन्हा गणिताची उजळणी आणि इंग्रजीची घोकंपट्टी भरलेली असेल, तर आपण ज्यासाठी पैसे मोजले ती वस्तू पिशवीत पडलेलीच नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पुस्तिका राहू द्या, आधी वेळापत्रक मागा. आणि शक्य असेल तर फेब्रुवारीचं मागा. जूनमध्ये चित्रकलेचा तास सगळीकडे असतो. परीक्षा तोंडावर आल्यावर तो कोण खातं, हे फेब्रुवारीत कळतं.

वेळापत्रकाच्या पाठोपाठ विचारायचं ते माणसांविषयी. चित्रकला कोण शिकवतं? खेळ कोण घेतं? त्यांना दुसरं काय काय करावं लागतं? याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत असं म्हटलं आहे. क्रीडांगण आणि ग्रंथालयही प्रत्येक शाळेला सांगितलं आहे. सरकारी शाळांत या जागांची रड आहे, हे खरं. पण भरपूर फी घेणाऱ्या शाळेतही चित्रकलेचा तास ज्या बाईंचा तास मोकळा त्यांनी सांभाळायचा, असं दिसलं की समजावं. चित्र म्हणजे छापील आकृतीत रंग भरणं, ओळीच्या बाहेर जाऊ न देता. माझ्या मते हा चित्रकलेचा तास नव्हे, ती शिस्तीची कवायत झाली.

आणि एक प्रश्न जरूर विचारा, जो विचारायला आपल्याला संकोच वाटतो. वर्गशिक्षिका या शाळेत किती वर्षं आहेत? ज्या शाळांत फी मोठी आणि शिक्षकांचा पगार तुटपुंजा असतो, तिथं बाई वर्ष-दोन वर्षांत दुसरी नोकरी धरतात. मुलाला कळायला लागतात न लागतात तोच त्या निघून जातात. मूल कशात रमतं, कशाला घाबरतं, घरी काय चाललंय, हे ओळखायला माणसाला वेळ लागतो. इमारतीला ते कळत नाही.

साने गुरुजींचं उदाहरण घ्या. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तीही खासगी संस्थेची शाळा. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक! रोज हातानं लिहायचं आणि मुलांनी वाचायचं. तिथल्या मुलांना जगाचं जे दर्शन झालं असेल ते कुठल्या सोयींमुळे? एक माणूस संध्याकाळी बसून त्यांच्यासाठी लिहीत होता म्हणून.

आपल्याकडे अशा शाळा पुढेही निघाल्या, आणि त्या मराठी माध्यमाच्या होत्या याचं मला अप्रूप आहे. लीलाताई पाटील शिक्षकांना घडवण्याचं काम करून निवृत्त झाल्या आणि त्यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मूल शाळेत आनंदानं शिकू शकतं, त्याला मारावं लागत नाही, धमकावावं लागत नाही, हे त्यांना शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात नव्हे, प्रत्यक्ष वर्गात करून बघायचं होतं. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला आल्या, पुढे भारताच्या नागरिक झाल्या आणि १९८६ मध्ये त्यांनी फलटणला कमला निंबकर बालभवन सुरू केलं. पुण्यात १९९२ मध्ये अक्षरनंदन निघालं. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, मग कोसबाडच्या टेकडीवर. तिथल्या वारली मुलांना गुरं राखायला जावं लागे, म्हणून शाळा शाळेत येईना. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द आपल्या भाषेत आला तो तिथून. गुरं चरताहेत आणि झाडाखाली मुलं पानं, बिया, खडे मोजताहेत. हीसुद्धा खासगीच शाळा, बरं का. सरकारनं काढलेली नव्हे.

असं असलं तरी सगळ्यांच्या गावात सृजन आनंद नसतं. बहुतेकांच्या वाट्याला एक जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा, एक जुनी अनुदानित आणि दोन-चार नव्या कोऱ्या, एवढीच निवड येते. तिथं नुसत्या फीवरून दर्जा ठरवू नये. ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून देशभर खेडोपाडी होते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या सुमारे ४५ टक्के मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. खासगी शाळांत हे प्रमाण सुमारे ५९ टक्के. फरक आहे, नाही कोण म्हणतो? पण खासगी शाळेतलं मूल बहुधा शिकलेल्या, थोड्या सुखवस्तू घरातून येतं, हेही त्या फरकात मिसळलेलं असतं. आणि फी भरूनसुद्धा शंभरातल्या चाळीसेक मुलांना पाचवीत दुसरीचं वाचता येत नाही, हा आकडा फलकावर कुणी छापणार नाही.

आता मला एका वेगळ्याच गोष्टीकडे यायचं आहे. सर्वांगीण म्हणताना आपण खेळ मोजतो, संगीत मोजतो, संगणक मोजतो. मुलाच्या शेजारी बाकावर कोण बसतं, हे मोजत नाही. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. आमच्या घरात दखनी बोलली जायची, बाहेर मराठी. माझ्या बाकावर एक लोहाराचा मुलगा होता, एक वाण्याचा, आणि मागे एक धनगराचा पोर, जो वर्षातले काही महिने शाळेतच नसायचा. तो परत आला की वाटेतल्या गावांच्या, ओढ्यांच्या, लांडग्यांच्या गोष्टी सांगायचा. लोहाराच्या मुलाची आजी दळताना ओव्या म्हणायची, त्या मी त्यांच्या पडवीत बसून ऐकल्या. त्यांच्या घरी संक्रांतीचा तिळगूळ आणि आमच्याकडे ईदचा शीरखुर्मा, ही ये-जा होतीच, पण मी म्हणतो ते त्यापलीकडचं. ‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’ असं मला आजही लोक विचारतात, जरा कौतुकानं, जरा आश्चर्यानं. मी ज्या मराठीत लिहितो ती मला त्या बाकावर मिळाली. त्या शाळेत तलाव नव्हता. खरं सांगायचं तर धड संडासही नव्हता, आणि मुलींचे त्यापायी किती हाल होत असतील याची तेव्हा कुणाला पडलेली नव्हती. जुन्या शाळांचे गोडवे गाताना हे झाकून ठेवू नये.

कर्मवीरांनी हे बाकाचं मर्म फार आधी ओळखलं होतं. साताऱ्यात १९२४ मध्ये त्यांनी काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची आणि धर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. त्या काळात एका पंगतीत बसणं ही केवढी मोठी शाळा होती!

आजच्या महागड्या शाळेचा मला वाटणारा मोठा तोटा हाच आहे. तिथं सगळी मुलं एकाच उत्पन्नाच्या घरांतून येतात. वर्गात चाळीस मुलं, पण घर जणू एकच. त्याच गाड्या, त्याच सहली, वाढदिवसाचे तेच केक. आपण ‘व्यापक’ शिक्षण म्हणून घेतो आणि मुलाचं जग हातभर अरुंद होतं. शिक्षणहक्क कायद्यात खासगी विनाअनुदानित शाळांनी सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ती वैध ठरवली. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. ही तरतूद म्हणजे गरिबांवर उपकार, असं पुष्कळ फी भरणारे पालक समजतात. काही जण तर शाळेत जाऊन ‘ती मुलं वेगळ्या तुकडीत बसवा’ असं सांगतात. माझं म्हणणं उलट आहे. ती मुलं आपल्या मुलाच्या शेजारी बसली तर त्याचा आपल्या मुलाला जो फायदा आहे, तो कुठल्याही रोबोटिक्सच्या तासात मिळणार नाही. शाळा बघायला जाल तेव्हा विचारा, पंचवीस टक्क्यांतली मुलं याच वर्गात बसतात ना? सहलीला येतात ना? स्नेहसंमेलनात त्यांना नाचात घेतात ना, की पोशाखाचे पैसे नाहीत म्हणून ती खाली बसून टाळ्या वाजवतात?

पैशांचं थोडक्यात सांगतो. प्रवेशासाठी देणगी घेणं आणि मुलाची किंवा आई-बापांची मुलाखत घेणं, दोन्ही या कायद्याच्या कलम १३ नं मना केलं आहे. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड. मुलाखत घेतली तर पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. तरी मुलाखती होतात, फक्त त्यांना ‘गप्पा’ म्हणतात. महाराष्ट्राचा शुल्क विनियमनाचा कायदा २०११ चा आहे. त्यानुसार फीच्या प्रस्तावाला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. तेव्हा मान्य झालेल्या फीचा तक्ता मागायला लाजू नका, आणि त्यात न बसणारी ‘उपक्रम फी’ दिसली तर ती कशाची, हे विचारा. मान्यताप्राप्त शाळेला यू-डायस नावाचा ११ आकडी क्रमांक असतो, आपल्या राज्यात तो २७ नं सुरू होतो. तो फलकावर कुठं दिसला नाही तर आधी तो विचारा, मग बाकीचं. बिनमान्यतेच्या शाळांची यादी शिक्षण खातं काढतं, पण ती वर्तमानपत्रात येईपर्यंत आपण फी भरून मोकळे झालेलो असतो.

भाच्याच्या घरचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही तिघं मग तालुक्याच्याच दुसऱ्या एका शाळेत गेलो. जुनी, अनुदानित, सेमी इंग्रजीचे वर्ग असलेली. भिंतींना रंग नव्हता. स्वच्छतागृह बघून भाचेसुनेनं नाक मुरडलं, आणि तिचं बरोबर होतं. पण वेळापत्रकात चित्रकलेच्या दोन तासिका होत्या, खेळाच्या तीन. चित्रकलेचे सर बावीस वर्षं त्याच शाळेत. मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला दरवर्षी बसतात, तिथल्या सरावाची चित्रं व्हरांड्यात दोरीला वाळत घातल्यासारखी लटकत होती. आणि ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप नव्हतं! एक मुलगी जमिनीवर बसून काहीतरी वाचत होती, आम्ही आत गेलो तरी तिनं मान वर केली नाही. भाचेसून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

मुलीचं नाव तिथं घातलं. शिक्षण शुल्क नाही, रिक्षाचा खर्च तेवढा. मुलाला काढायला भाचा तयार झाला नाही. चौथीपर्यंत राहू दे म्हणाला, मित्र आहेत त्याचे. मीही आग्रह धरला नाही, मुलाची शाळा म्हणजे बाजारातली भाजी नव्हे, की आज इथून उद्या तिथून. पण भाचेसुनेनं एक अट घातली. मुलाच्या शाळेतल्या तलावाची वेगळी फी बंद आणि त्या पैशांतून दोघांना संध्याकाळी तालमीत कबड्डीला पाठवायचं. दोघांना, हे तिनं दोनदा सांगितलं. तालमीतले वस्ताद आधी ‘मुलींचं इथं नाही’ म्हणाले. आता गल्लीतल्या आणखी चार मुली येतात म्हणे.

शेवटची एक गोष्ट. शाळा कितीही पारखून घेतली तरी ती दुपारी सुटते. त्यानंतर मुलाला शिकवणीला, शिकवणीतून अबॅकसला आणि तिथून रात्री गृहपाठाला बसवलं तर शाळेतल्या दोन तासिकांचा काही उपयोग नाही. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं, असा शासन निर्णय २०१५ साली निघाला आहे. संध्याकाळच्या ओझ्याचा निर्णय घरातच काढावा लागतो. खर्चाचीच अडचण असेल तर आपल्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एकदा जाऊन या. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि तालुक्याच्या गावातच नव्हे, लहान लहान खेड्यांतही अनुदानित वाचनालयं आहेत. बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो, तिथली वर्गणी विचारा. मुलाला बरोबर घेऊन जा, आणि पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या.